रंगाखालचं कपाट

धोंडूतात्या मयेकरांच्या माजघरातलं कपाट फ्रान्सचं आहे, हे मिऱ्या गावात कोणाला सांगून पटत नसे. पटणार तरी कसं? दर गणपतीला दारं-खिडक्या रंगवताना तात्या त्यालाही ऑइलपेंटचा हात मारायचे. कधी हिरवा, कधी आकाशी, गेल्या वर्षी चॉकलेटी. चतुर्थीला घर रंगलं नाही तर लोक काय म्हणतील, हा धाक आपल्याकडे असतोच. त्यात तात्या जन्मभर बोटीवर खलाशी. खाऱ्या हवेत रंगाविना काही टिकत नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. तरुणपणी फ्रान्सच्या मार्सेय बंदरात एक म्हातारी घर मोडत होती, तिच्याकडून त्यांनी हे कपाट घेतलं आणि कप्तानाच्या हातापाया पडून बोटीवर चढवलं. बाकीच्यांनी घरी टेपरेकॉर्डर आणले, यांनी कपाट. गाव पोट धरून हसलं. तात्यांची मान काही खाली गेली नाही.

त्यांची लेक अक्षया पुण्याला जुनं फर्निचर नीट करायचं शिकून आली आणि रत्नागिरीत गाळा घेऊन बसली. नुसती बसलीच, कारण पोरीच्या हातात आपलं सागवानी टेबल द्यायला कोणी धजेना. घरचं कपाट एकदा मूळ रूपात आणलं आणि गणपतीला येणाऱ्या पाहुण्यांनी पाहिलं तर धंदा उभा राहील, नाहीतर गाळा सोडावा लागेल, हे तिला कळून चुकलं होतं. पण विषय काढताच तात्या भडकले.

“माझा रंग खरवडून काढतंस? इतकी वर्सा जीव लावून रंगवलंय मी!”

“बाबा, खाली अक्रोडाचं लाकूड हाय.”

“असू दे. उघडं लाकूड म्हंजे उघडं पोर. चार लोकांपुढं आणायचं नाय.”

शेवटी सगुणाबाई मधे पडल्या. “अवो, पोरीनं कधी काय मागितलंय तुमच्याकडं?”

बायकोपुढे तात्यांचं फार चालत नसे. त्यांनी अट घातली. चतुर्थीच्या आत काम पुरं झालं तर ठीक, नाहीतर आपण रंगाचा डबा उघडणार.

अक्षया कामाला भिडली. चॉकलेटी गेला, आकाशी गेला, हिरवा गेला. तात्या पडवीत बसून रंग खरवडणाऱ्या पत्र्याची खरखर ऐकत होते, आणि आपलीच साल निघतेय असं त्यांना वाटत होतं. न राहवून एकदा आत डोकावले. कपाटाच्या दारावर नारळाचा घड कोरलाय, असं ते आल्यागेल्याला सांगत आले होते. ती फुलांची परडी निघाली. परडीच्या कडेला दोन पाखरं, पिसं न् पिसं कोरलेली. तात्या उगाचच खाकरले.

“वाळवीचं एक भोक नाय, बाबा,” अक्षया म्हणाली. “तुमच्या रंगानं राखलं त्याला.”

तात्यांची छाती फुगली, पण पोरीला तसं कशाला दाखवा? “अजून चतुर्थी यायची हाय,” म्हणून ते निघून गेले.

लाखेच्या पॉलिशचे हात बसले, लाकडाच्या रेषा वर आल्या, आणि पावसानं झड धरली. बरणीतल्या मिठालासुद्धा पाणी सुटलं. चतुर्थीच्या आदल्या सकाळी पाहावं तर सगळं पॉलिश पांढुरकं पडलेलं, ताक शिंपडल्यासारखं.

तात्यांचा शेजारचा चुलतभाऊ बाबल्या अशा वेळी हजर असायचाच. “काढ डबा, तात्या! पोरीची हौस फिटली.”

तात्यांनी डबा आणला, झाकण उचकटलं. जिंकलेला माणूस खूश दिसायला हवा. तात्या दिसेनात.

अक्षया रडली नाही, भांडलीही नाही. “खोली तापवता आली तर स्पिरिटचा हात मारून हे परत आणता येईल,” ती म्हणाली. “मंडपात लावतात तसले मोठे, तापणारे दिवे हवेत. पण अट ती अट, बाबा. तुमी रंगवा.”

तिच्या हातांकडे तात्यांचं लक्ष गेलं. नखं काळी, बोटांना चिरा. पहिल्या सफरीत बोटीचा गंज खरवडून त्यांचे हातही असेच झाले होते, आणि त्या हातांचा त्यांना केवढा अभिमान वाटला होता! त्यांनी झाकण पुन्हा ठोकून बसवलं, रेनकोट चढवला आणि स्कूटर काढली.

गावातले नि रत्नागिरीतले असले दिवे सार्वजनिक मंडपांत गेलेले, म्हणून तात्या थेट लांबच्या पाली गावाला गेले. परतले तेव्हा रेनकोट दिव्यांना गुंडाळलेला होता आणि तात्या चिंब. दिवे लागले, खोली कोरडी तापली. अक्षयाचा बोळा फिरत गेला तसा पांढुरकेपणा विरत गेला. तात्या डोकं पुसायचं विसरून बघत राहिले. असलं काम आपल्या घरात, आपल्या पोटच्या पोरीनं केलं होतं!

चतुर्थीला दर्शनाला आलेल्यांत बाबल्याचे मुंबईचे व्याही होते. गणपतीला नमस्कार करून वळले ते कपाटापाशीच थबकले. परडीवरून बोट फिरवत म्हणाले, “आमच्याकडे वडिलांचा जुना पलंग पडून आहे. हा कारागीर कुठला हो?”

आता तात्या मार्सेय बंदरापासून सुरुवात करणार, म्हणून सगुणाबाईंनी चहाचं आधण वाढवलं. पण तात्या उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. अक्षया मोदक वळत होती.

“मोदक ऱ्हाऊ दे आयेकडं,” ते सगळ्या माजघराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “हात धू नि भायेर ये, बायो. तुझं गिऱ्हाईक आलंय.”