बातमी, मीठ आणि वेत

मी एक टेबल आहे. व्याकरणाप्रमाणे मी ‘ते’, पण इतकी वर्षं माणसांच्या कोपरांखाली काढल्यावर मला ‘तो’ म्हणवून घ्यायला आवडतं. तेव्हा मी बोलतो, तुम्ही निवांत ऐका. कोपरं टेकलीत तरी चालेल.

एका कारखान्यात आम्ही एकाच मापाची पुष्कळ भावंडं जन्मलो. बाकीची बँकेत गेली, मी एकटा वर्तमानपत्राच्या कचेरीत आलो. त्यांना शिस्त लाभली असेल. माझ्या वाट्याला शाई, चहाचे डाग आणि आरडाओरडा आला. मला ते मानवलं.

माझ्यापाशी बसायच्या आमच्या बाई. बातमीदार होत्या. रखडलेला पूल असो की गळकी जलवाहिनी, फोनवर त्यांचा एक प्रश्न ठरलेला: “म्हणजे नक्की काय?” पलीकडचा माणूस घाम पुसत असणार, हे मला इथून कळायचं.

“बाई, तुमची खात्री होईपर्यंत बातमी शिळी होते,” संपादक करवादायचे.

“शिळी चालेल हो, नासकी नको.”

मग एक दिवस वर्तमानपत्रच बंद पडलं. लोक आपापल्या खणातल्या वस्तू पिशव्यांत भरू लागले. व्यवस्थापकांनी बाईंना निरोपाची भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं.

“घड्याळ नको,” बाई म्हणाल्या. “हे टेबल द्या.”

अशा रीतीने टेंपोतून, चारी पाय आभाळाकडे करून मी बाईंच्या घरी आलो. आतल्या खोलीच्या दारातून काही केल्या जाता येईना, म्हणून स्वयंपाकघरातच राहिलो. या ओढाताणीत माझा एक पाय दुखावला आणि मी लंगडू लागलो.

घरात बाई आणि त्यांची मावशी, दोघीच. मावशीची उभी हयात एका गिरणीच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करण्यात गेली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि वर्तमानपत्राची घडी करून पायाखाली सारली.

“मावशी, निदान माझी बातमी असलेलं पान तरी नको गं!”

“अगं, तुझ्याच बातमीत वजन होतं, म्हणून तेच घेतलं.”

बाई हसल्या नाहीत. त्या दिवसांत त्या हसतच नव्हत्या. सकाळी सवयीने तयार होऊन माझ्यापाशी बसायच्या आणि कोऱ्या कागदाकडे बघत राहायच्या. “माझं लिहिणं संपलं,” असं एकदा हळूच म्हणाल्या. मावशी भांडी घासत होती. मी एकट्याने ऐकलं.

पुढे ओळखीचे एक प्रकाशक आले, मावशीच्या हातचं जेवले आणि म्हणाले, “याचं पुस्तक करा.”

“मी बातमीदार आहे. पाककृती कुठल्या लिहू?”

“का गं?” मावशी कडाडली. “स्वयंपाकघरात काय कमी भानगडी असतात?”

झालं, कामाला सुरुवात झाली. अडचण एकच होती. मावशीची सगळी मापं कँटीनची. “पोतंभर बटाटे घ्यायचे,” इथून सुरुवात! बाई भाग पाडत पाडत ते माप चार माणसांवर आणायच्या. माझ्यावर पीठ सांडलं, कांद्याची सालं साचली, त्यांच्या शेजारी कागद वाढत गेले. बाई पुन्हा गुणगुणायला लागल्या.

पुस्तक आलं, लोकांना आवडलं. आणि मग फोन वाजू लागला.

टोमॅटोच्या सूपात बाकी सगळ्या मापांना भाग दिला होता, तेवढा मिठाच्या मापाला द्यायचा राहिला होता. चार माणसांच्या सूपाला अर्धी वाटी मीठ! ज्यांना स्वयंपाक येत होता त्यांनी ओळखलं आणि हसून सोडून दिलं. ज्यांना येत नव्हता, त्यांनी पुस्तकावर विश्वास ठेवला.

त्यांतले एक गृहस्थ तर थेट दारात उभे राहिले. खुर्च्या दुरुस्त करणं, वेताच्या बैठका विणणं हा त्यांचा धंदा. आम्ही त्यांना पुढे खुर्चीकाका म्हणू लागलो. ते आत येऊन माझ्यापाशी बसले. पुस्तक पुढे ठेवलं. आवाज मुळीच चढवला नाही.

“आमची मंडळी वारली. त्यानंतर पहिल्यांदाच लेक घरी येणार होती. म्हटलं, आपल्या हातचं काहीतरी करून घालावं. तिने वाटीभर सूप निमूट संपवलं. मला वाटलं, जमलं बुवा आपल्याला! मग मी चमचा तोंडात घातला.”

बाईंची बोटं माझ्या कडेवर घट्ट आवळली गेली. अधिकाऱ्यांना घाम फोडणाऱ्या आमच्या बाई, पण त्या दिवशी त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्यावर टपकला.

“चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या.

“उठा,” मावशी खुर्चीकाकांना म्हणाली. “टोमॅटो धुवा. आत्ता, माझ्यासमोर करायचं.”

खुर्चीकाका उठले. पातेलं उकळेपर्यंत ओशाळलेपण गेलं होतं, आणि वाट्या माझ्यावर आल्या तेव्हा तिघं मोठमोठ्याने बोलत होती. जाण्यापूर्वी काका वाकले, माझ्या पायाखालची घडी काढली, सांध्यात एक पाचर ठोकली आणि हात झटकले. तेव्हापासून मी ताठ उभा आहे.

प्रकाशकांचं म्हणणं, पुढच्या आवृत्तीत गुपचूप सुधारून घेऊ. बाई ऐकतात कुठल्या! दुकानांतल्या प्रती परत मागवल्या. ‘या पुस्तकात चूक झाली आहे’ अशी मोठ्या अक्षरांची चिठ्ठी छापून घेतली. बाई, मावशी आणि खुर्चीकाका माझ्याभोवती बसून प्रत्येक प्रतीत ती चिकटवत होते. माझ्या अंगावर खळीचे पोपडे धरले. पुढे गंमत अशी झाली, की लोक दुकानात ‘ते चिठ्ठीवालं पुस्तक’ मागू लागले.

चिकटवता चिकटवता बाईंनी विचारलं, “काका, वेत विणतात कसा?”

“सोपं आहे. असा घ्यायचा, तसा घालायचा.”

“असा म्हणजे नक्की कसा? वाचकाला तुमचा हात दिसणार नाही.”

खुर्चीकाका बुचकळ्यात पडले. हे त्यांना जन्मात कुणी विचारलं नव्हतं. ते एकेक हालचाल थांबवून बघू लागले, बाई तिला शब्द शोधू लागल्या. दोघांचं त्यावरून कडाक्याचं भांडण व्हायचं. काका म्हणायचे, “ओढत नाही हो, नुसता ताणतो!” मग त्या दोन शब्दांतला फरक शोधण्यात दुपार सरायची.

या वेळी बाईंनी शपथच घेतली होती, स्वतः केल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. त्यांनी एक बैठक विणली. मावशी ऐटीत तिच्यावर बसली आणि थेट खाली गेली.

“अगं, मला आधी उचल! नंतर लिही!” खुर्चीच्या चौकटीतून मावशी ओरडत होती. बाई तिला एका हाताने ओढत विचारत होत्या, “आधी कुठली बाजू सुटली गं?” काकांच्या तेव्हा ध्यानात आलं, वेत भिजवायचा असतो हे सांगायचंच राहिलं होतं. त्यांच्या घरी तो कायम पाण्यातच असायचा.

ते वेतकामाचं पुस्तकही आलं. मध्यंतरी कुणीतरी मुलाखतीसाठी फोन केला. “तुम्ही बातमीदार, पाककृतींच्या लेखिका, की कारागीर? काय म्हणू तुम्हाला?”

मावशीने बाईंच्या हातून फोन हिसकावला. “ती लोकांना विचारून विचारून छळते, मग घरी करून बघते, मग लिहिते. पसारा मी आवरते. हेही छापा!”

सध्या माझ्यावर पुढच्या पुस्तकासाठी छत्र्या आहेत. काड्या मोडलेल्या, कापड फाटलेल्या, एक तर हट्टाने मिटतच नाही. बाई छत्री दुरुस्त करणाऱ्याकडे रोज जाऊन येतात आणि त्याला भंडावून सोडतात. माझं पॉलिश गेलंय, एका कोपऱ्यावर गरम पातेल्याचा वळ आहे. नवं टेबल घेऊ या, असं अजून तरी कुणी म्हणालेलं नाही.

तुमच्या घरातही माझं एखादं भावंड असेल. त्याच्यावर किल्ल्या, बिलं आणि न वाचलेली मासिकं पडली असतील. ती बाजूला सारा, आणि जे करून बघायचं मनात आहे ते मांडा. सांडलं तर सांडू द्या. डागांचं आम्हाला काही वाटत नाही, धुळीचं वाटतं.

आता थांबतो. बाई मावशीला हाका मारतायत, आणि दारातून आणखी छत्र्या येताना दिसतायत.