विजेचा शेक

गोपिकेनं जोर लावून जोडवी ओढून काढली आणि शालिकरामच्या उताण्या टोपीत टाकली. पाठोपाठ पाटल्या, मंगळसूत्र, कमरेच्या किल्ल्या.

"सांभाळा. नाही त इथंच विसरून जाल टोपी."

"टोपी विसरीन वं, तुले कसा विसरीन?"

"चला, काईतरीच," म्हणत ती लंगडत पडद्याआड गेली.

गुडघ्यानं रडवलं होतं तिला, म्हणून दोघं पारशिवनीहून सकाळच्या एसटीनं धरमपेठेतल्या या दवाखान्यात आले होते. विजेच्या शेकाचं यंत्र इथं नवंच आलेलं. ते चालवणाऱ्या कुसुमताई हाताला मऊ, पण जिभेला कडक.

"मावशी, अंगावर धातू राहिला नाही ना? तो तापतो. वरून कळतही नाही आणि आतलं मांस भाजतं."

"सारं काढलं वं बाई."

"आणि शरीरात? मांडीवर ही एवढी खूण कशाची?"

"सत्तर साली बैलबंडीतून पडली होती. डॉक्टरनं चिरून हाड बसवलं. आत काई नाही."

पडद्याबाहेर शालिकरामचा हात टोपीतच थबकला. आत वीतभर पोलादी पट्टी होती, स्क्रूंनी घट्ट बसवलेली, आणि नऊ वर्षं ते घरात फक्त त्याला ठाऊक होतं. गोपिकेच्या माहेरी विळा हातात असलेल्या एका बाईवर वीज पडली होती. तेव्हापासून आभाळ गरजलं की गोपिका विळा टाकून पळायची. अंगातच लोखंड आहे हे कळलं असतं, तर बाईनं पावसाळाभर उंबरठा ओलांडला नसता. आणि शेतावर तर केवढा जीव तिचा! म्हणून त्यानं डॉक्टरांना गळ घातली होती आणि स्वतः तोंड शिवून घेतलं होतं.

आत खटका वाजला. यंत्र घुमू लागलं.

"थांबा!" टोपी छातीशी धरून तो पडदा सारत आत घुसला. "बंद करा ताई! पट्टी हाय तिच्या मांडीत."

कुसुमताईंनी आधी खटका बंद केला, मग तोंड उघडलं.

"अहो, भाजल्या असत्या ना त्या! असं लपवतं का कोणी?"

"विजेले भेते ती," शालिकराम खाली बघत म्हणाला.

गोपिका उठून बसली. मांडीवरची खूण बोटांनी चाचपत राहिली. आता ही आकांत करणार, असं धरूनच तो उभा होता.

"म्हणून होय," ती हळूच म्हणाली. "वीज कडाडली का मले झोपडीत कोंबायचे, अन् मी टाकलेला विळा उचलून सोता दूर बांधावर जाऊन उभे राहायचे. मी म्हणो, म्हातारा पागल झाला. काहून जी असं?"

शालिकरामनं टोपीची कड चुरगळली.

"तिले लोखंडच पाहिजे त माह्याकडं येईन ना. तुह्याकडं कायले जाईन?"

गरम पाण्याची पिशवी आणते, असं म्हणून कुसुमताई घाईनं बाहेर गेल्या.

गोपिकेनं पदरानं डोळे पुसले आणि पाय पुढे केला.

"घाला जोडवी."

तो खाली बसला. जोडवं काही केल्या चढेना.

"अन् ऐका," ती म्हणाली. "औंदा विळा बांधावर ठेवायचा, अन् तुमी आत यायचं. दोघाले पुरते ते झोपडी."