टाचणीचा पाय

टाचणी एकदा लपून बसली की कुणाच्या बापाला सापडायची नाही.

शाळेत येऊन तिला जेमतेम महिना झाला होता. त्याआधी दोन वर्षं ती शिलाईच्या कारखान्यात शर्टांना बटणं लावायची. तपासणीचे साहेब आले की मुकादम खाकरायचा आणि सगळी लेकरं कापडाच्या गठ्ठ्यांमागं गडप व्हायची. श्वाससुद्धा जपून घ्यायचा. बाहेरून कुणी कितीही गोड हाक मारली तरी ओ द्यायची नाही. जो सापडतो त्याला गाडीत घालून नेतात, असं मुकादम सांगायचा. त्यातूनही सापडलोच, तर वय पंधरा सांगायचं. टाचणी होती नऊ वर्षांची, दिसायची सात. पण पंधरा असं ठणकावून सांगायची की समोरच्यानं आपल्याच डोळ्यांवर संशय घ्यावा.

अशी तालीम झालेल्या पोरीला लपाछपीत घेतलं, म्हणजे खेळाचं वाटोळंच. पहिल्या दिवशी घंटा होऊन गेली तरी ती सापडली नाही. दुसऱ्या दिवशी बाईंना शिपाई कामाला लावावा लागला. तिसऱ्या दिवशी, जिच्या परवानगीशिवाय मैदानात पान हलत नसे त्या पुढारणीनं निकाल दिला, "आज सापडली नाहीस तर उद्यापासून तुला घेणार नाही."

या खेळापायी तर टाचणी सकाळी मामीच्याही आधी उठून बसायची.

आज सापडायचंच, असं ठरवून ती मोडक्या बाकांच्या ढिगामागं शिरली आणि एक पाय मुद्दाम बाहेर ठेवला. राज्य होतं खिडक्यावर. पुढचे दोन दात पडल्यापासून पोराला हे नाव मिळालेलं. त्याची पावलं जवळ आली आणि टाचणीचा पाय, तिला न विचारता, आत गेला. तिनं तो बाहेर ढकलला. पुन्हा आत. पाय तिचा, पण ऐकत होता अजून मुकादमाचं.

खिडक्या दमून बाकाला टेकून बसला. तेवढ्यात मागून बारीक आवाज आला, "सापडल्यावर काय करतात रे?"

खिडक्या दचकला, पण तसं दाखवलं नाही. "काय करणार? मग तू शोधायचं, आम्ही लपायचं."

"गाडीत नाही घालत?"

"गाडी कुठली आणू? माझ्या सायकलला मागची सीटसुद्धा नाही."

टाचणीनं विचार केला. लपायला सगळ्यांनी शिकवलं होतं. सापडल्यावर आपली पाळी येते, हे कुणी बोललंच नव्हतं.

"मग धर," म्हणत तिनं डोळे गच्च मिटून हात पुढं केला.

भिंतीकडं तोंड करून तिनं वीस आकडे मोजले आणि वळली. टाकीमागचा, दारामागचे दोघे, जिन्याखालची, सगळे पटापटा धरले. शेवटी पुढारणीला बाईंच्या टेबलाखालून ओढून काढलं.

पुढारीण फ्रॉक झटकत तणतणली, की ही लपली तर सापडत नाही आणि शोधायला लागली तर कुणाला सोडत नाही, हिचं करायचं तरी काय. मग तिनं नवा नियम काढला. उद्या टाचणीनं लंगडी घालत शोधायचं.

घंटा झाली. टाचणी वर्गात गेली, आतापासूनच लंगडी घालत.