नाणी वाजवायचा दगड

मी एक जुना संगमरवरी दगड आहे. खरं काय आणि खोटं काय, याचा निवाडा चाळीस वर्षं माझ्या अंगावर झाला. त्याआधी मी कुणाच्या तरी न्हाणीघराच्या उंबऱ्यातून उरलेला तुकडा होतो आणि मला कुणी काही विचारत नसे.

मित्रांनो, माझे मालक सुया, दोरे, बटणं, चेनी असं किरकोळ सामान विकत. त्यांना एक नाद होता. फार पूर्वी काही नाणी चांदीची असत. पुढे सरकारने त्यातली चांदी काढून घेतली, पण आकार आणि किंमत तीच ठेवली. त्यामुळे जुनी नाणी नव्यांत मिसळून हातोहात फिरत राहिली. लोक चार बटणांसाठी चांदी देऊन निघून जात, वर आभारही मानत.

अशी नाणी मालक तीन रीतींनी ओळखत. पहिली, साल वाचून. दुसरी, कड पाहून: नव्या नाण्याच्या कडेला तांबूस रेघ दिसते, चांदीची कड सगळी पांढरी. तिसरी रीत म्हणजे मी. दुपारी दुकानाचं दार लोटून मालक गल्ला पालथा घालत आणि एकेक नाणं माझ्यावर टाकत. साधं नाणं ठक् करून गप्प बसे. चांदीचं मात्र बारीक, लांब सूर धरी. सूर नाण्याचा, पण कौतुक मलाही मिळे. मालकीणबाई मला रोज ओल्या फडक्याने पुसत.

सापडलेलं नाणं बिस्किटांच्या डब्यात जाई. थोरली नात झाली तेव्हा डबा रिकामा करून तिला चांदीची वाटी घडवली. धाकटी झाली तेव्हा मालकांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, हिलाही तशीच, रतीभर कमी नाही. डबा पुन्हा शून्यापासून सुरू झाला.

नेमक्या तेव्हाच दोन गोष्टी घडल्या. मालकांच्या डोळ्यांवर धुकं साचलं आणि डॉक्टरांनी हात टेकले. साल गेलं, कड गेली, उरलो मी. आणि दुसरं म्हणजे चांदीची नाणीच संपत आली. मालकांसारखा नाद असलेली माणसं सगळीकडेच होती, त्यांनी ती वेचून नेली. दीड वर्षात एक नाणं सापडलं. मग चार महिने काहीच नाही. मालकांनी आधी मला दोष दिला, मला उलटा करून पाहिलं. दोन्ही बाजूंनी मी तेवढाच निर्दोष होतो. मग ते म्हणाले, "माझाच कान गेला असेल." त्या दिवशी ते अर्ध्या ताटावरून उठले.

दुसऱ्या दुपारी सूर लागला. मालक ताठ झाले.

"अगं, साल बघ."

मालकीणबाईंनी नाणं उजेडाला धरलं, जरा थांबल्या आणि साल वाचलं. नाणं डब्यात पडलं.

नऊ दिवसांनी पुन्हा सूर लागला. मित्रांनो, मला साल वाचता येत नाही, पण हा सूर तोच होता. मालकीणबाई ते एकच नाणं डब्यातून काढत, त्याच्या जागी साधं टाकत आणि आठवड्या-पंधरवड्याने गल्ल्यात सोडून देत. दर वेळी साल मात्र वेगळं सांगत. वाचलेली सालं त्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवत, लागोपाठ तेच तोंडात यायला नको म्हणून. मालकांनाही कळायला हवं होतं. पण आनंदात माणसाला तितकं बारीक ऐकू येत नाही.

सहा वर्षं हे चाललं. मालक डबा हलवून म्हणत, आता झालीच वाटी. त्या म्हणत, "अजून थोडी होऊ द्या की. घाई काय आहे?"

घाई त्यांनीच केली. थंडीत आजारी पडल्या आणि पंधरा दिवसांत गेल्या.

महिन्याने मालकांच्या मुलीने दुकान उघडलं. मालकांनी सवयीने गल्ला पालथा घातला आणि सूर लागला. या वेळी साल मुलीने वाचलं, न थांबता. मग नाणं डब्यात टाकायला गेली आणि झाकण हातात धरून उभी राहिली.

"बाबा, यात सगळी साधीच आहेत."

मालकांनी ती सगळी माझ्यावर टाकून पाहिली. दीडशेच्या वर होती. ठक्. ठक्. दुपार त्यातच गेली. मुलीला कॅलेंडरमागची सालं सापडली, तीही तिने वाचून दाखवली.

"साल वाचायच्या आधी ती जरा थांबायची," मालक म्हणाले. "मला वाटायचं, चष्मा शोधतेय."

मुलीने विचारलं, या एका नाण्याचं काय करायचं. एवढ्या चांदीत वाटीचा तळही होणार नव्हता.

"गल्ल्यात टाक. तिथलंच आहे ते."

दोन दिवसांनी चेन घ्यायला आलेल्या एका गृहस्थांना मुलीने ते सुट्ट्यांत देऊन टाकलं. त्यांनीही न बघता खिशात घातलं. धाकटी नात स्टीलच्या वाटीत जेवते.

तेव्हा मित्रांनो, सुटं नाणं हाती आलं तर त्याची कड पाहा, एखाद्या दगडावर टाकून ऐका. बारीक, लांब सूर लागला तर ते जपा. कुणीतरी ते फार वेळा, फार मायेने हरवलेलं असेल.

माझं म्हणाल, तर दुकान विकलं आणि मला घरी आणलं. स्वयंपाकघरातल्या फ्रीजचा एक पाय आखूड होता. आता तो हलत नाही.