फक्त हाच दिवस

“वहिनी, अगं मोबाइलवर किती टिपत बसशील? आजचा एक रविवार तरी बोटांना सुट्टी दे!”

“झालंच वन्सं. बुधवारपर्यंत आले.”

केस कापण्याचं, रंगवण्याचं वहिनीचं छोटंसं दुकान; नणंद तिथंच हाताखाली. गिऱ्हाइकं मोबाइलवरूनच वेळ ठरवायची. दुपारचे तीन ते पाच बंद करताना पडद्यावर दोन पर्याय येत: ‘फक्त हाच दिवस’ आणि ‘दर आठवड्याला’. आठ महिने ती पहिलाच दाबत आली होती. दर रविवारी, सहाही वार, एकेक करून.

त्या दोन तासांत ती घरी जाई. नवऱ्याचं विसरणं आता चहा-जेवणापर्यंत आलं होतं. तोवर त्याच्याजवळ बसणाऱ्या शेजारच्या काकू तीनला उठून आपल्या घरी जात. ही दारात दिसली की तो निमूट चहा घेई, नाहीतर जीव कासावीस करून घेई.

“ते दोन तास एकदाच कायमचे बंद करून टाक ना,” नणंद म्हणाली. “भाऊ आहे माझा. डॉक्टर काय म्हणाले, दोघींनीही ऐकलंय.”

“डॉक्टरांचं काय जातं बोलायला? परवाच यांनी मला नावानं हाक मारली. कायमचं करण्याएवढं काय झालंय त्यांना?”

नणंदेनं केर भरायला घेतला. वहिनीनं डोळे पुसले, मोबाइल बाजूला ठेवला. गुरुवारपासूनचे वार बंद करायचे राहून गेले.

गुरुवारी पावणेतीनला शाळेच्या मोठ्या बाई दारात. “तीनची वेळ मिळाली बाई एकदाची! डोकं बघा, नुसता कापूस पिंजलाय.”

आता नाही कसं म्हणायचं? तिनं नणंदेला घरी पिटाळलं आणि ब्रश उचलला. निम्मं डोकं रंगलं तोच फोन वाजला.

“वहिनी, दार सताड उघडं आहे. काकू गेल्यात. दादा नाहीये.”

ब्रश हातातच राहिला. रंग डोक्यावर ठेवून गिऱ्हाइकाला सोडता येत नाही, टाळू भाजते. पाय मात्र दाराकडे निघालेले.

“माझ्याकडे काय बघताय? चला!” बाईंनी प्लास्टिकची टोपी कानांपर्यंत ओढली आणि गळ्यातल्या टॉवेलानिशी रस्त्यावर उतरल्या. शाळेतली चार पोरं फिदीफिदी हसली. बाईंनी नुसतं पाहिलं. पोरं भिंतीला चिकटली.

तो दुसऱ्याच वळणावर सापडला. बंद लाँड्रीच्या पायरीवर, शर्टाची सगळी बटणं नीट लावून, ताठ बसलेला.

“अहो, इथं काय करताय?” तिचा श्वास पुरत नव्हता.

“आमची मंडळी यायचीय. तीनला येते ती.”

“मी... बसू का इथं?”

त्यानं अदबीनं जागा करून दिली. “बसा की. पण ती आली की उठावं लागेल हं.”

ती बसली. बाईंच्या कानामागून रंगाचा काळा ओघळ उतरत होता.

“बाई, डोकं धुवायला हवं तुमचं.”

“माझा हात काही मोडला नाही. नळ मला सापडेल.” बाई दुकानाकडे वळल्या.

रंगानं माखलेल्या बोटांनी तिनं मोबाइल काढला. तीन ते पाच. दर आठवड्याला. कधीपर्यंत, असं पडद्यानं विचारलं. तो रकाना तिनं रिकामा सोडला.

“आली का हो ती?” त्यानं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

“येतेय,” ती म्हणाली, आणि दोघांच्या मध्ये एका माणसापुरती जागा ठेवून सरकून बसली.