वाऱ्याची वीज आणि वर-खालीचा घोळ

मी स्विच बोलतोय. मिशिगनमधल्या एका लहान शहराच्या वाचनालयात, वाचनकक्षाच्या दाराशी माझी जागा. मला वर ढकललं की दिवे लागतात, खाली ढकललं की विझतात. एवढंच माझं शिक्षण, पण त्यावर आजवर नोकरी निभली.

जन्म कारखान्यातला. हजारो भावंडं एका पट्ट्यावरून घसरली, खोक्यांत गेली, पुन्हा भेट नाही. माणसं मात्र मी पुष्कळ पाहिली. आत येताना प्रत्येकाला माझी आठवण होते, बाहेर जाताना कुणालाच नाही.

२००६ साली नेत्रा आली. मूळची नागपूरची, शिकली इथं, महापालिकेच्या ऊर्जा विभागात नवीकोरी नोकरी. नगरसेवकांच्या हात धुऊन मागे लागून तिनं वाचनालयासाठी पवनचक्क्यांची वीज घ्यायला लावली. वर्षभर विजेचा वापर न वाढता जमलं तर अग्निशमन केंद्र, पोहण्याचा तलाव, सगळीकडे तीच वीज. नाही जमलं तर पुन्हा कोळसा. शिवाय ग्रंथपालबाईंना तिनं सांगून ठेवलं, ऊन आलं की दिवे बंद. बाई न चुकता मला खाली करायच्या.

नवी वीज लागते कशी, विचाराल तर अगदी जुनीसारखीच. पण कुणाच्या छातीत धूर न भरता ती आली, या विचारानं मी जरा ताठ झालो.

हिवाळ्यात नेत्राचे बाबा, राजारामकाका, लेकीकडे राहायला आले. ती कामावर गेली की ते पेपर वाचायला इथं येत. वाया जाणारा दिवा पाहिला की त्यांचा जीव तुटे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खाली कललेला पाहिलं. बाहेर बर्फावर ऊन लखलखतंय आणि इथं दिवे चालू? "सरकारी कारभार इथून तिथून सारखाच," असं पुटपुटत त्यांनी मला टक्कन वर केलं.

कारण त्यांच्याकडे खाली म्हणजे चालू. लेकीच्या घरी सगळे साखळी ओढायचे दिवे, तेव्हा फरक कळायला वाव नव्हता. छतातले दिवे दुधी काचेआड, त्यात बर्फाचा उजेड; लागलेले दिसायचेच नाहीत. काका रोज मोठ्या समाधानानं पेपर उघडत आणि डोक्यावर दिवे फुकट जळत. मी सगळं जाणत होतो, पण स्विचला बोलायची सोय नाही.

वापर चढला. नगरसेवक कॉब यांनी निदान केलं की वाऱ्याची वीज पातळ असते, म्हणून जास्त लागते. नेत्राची झोप उडाली.

निर्णयाची सभा वाचनकक्षातच भरली. लख्ख ऊन होतं. काका येता येता सवयीनं मला वर करून मागे बसले. नेत्रानं स्लाइड्ससाठी पडदे ओढायला सांगितले. पडदे मिटले, तरी खोली लखलखीत. ग्रंथपालबाई गोंधळल्या; त्यांनी तर दिवे सकाळीच बंद केले होते. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

काका अभिमानानं मराठीत म्हणाले, "बंदच आहे. मी केलाय. रोज करतो."

"बाबा, इथं वर म्हणजे ऑन," नेत्रा हळूच म्हणाली.

काकांनी छताकडे पाहिलं, मग लेकीच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे. सगळ्यांसमोर बापाचं नाव घ्यायला तिची जीभ रेटेना. तेव्हा ते स्वतःच उठले आणि इंग्रजीत म्हणाले की दोष वाऱ्याचा नाही, माझा आहे; आमच्या देशात दिवा खाली लागतो.

"संपूर्ण देशात?" कॉबनी विचारलं.

"शंभर कोटी लोकांच्या घरी. बहुमत मोजलं, तर उलटे तुम्ही आहात, साहेब."

सभा हसून लोटपोट. कॉब सगळ्यात उशिरा हसले, पण हात त्यांनी सगळ्यांच्या आधी वर केला. ठराव मंजूर झाला.

आता तलावाला आणि बंबवाल्यांनाही वाऱ्याचीच वीज. काका परत गेले. जायच्या दिवशी मला खाली करून, छत नीट निरखून मगच निघाले. माझा रंग उडालाय, खटकाही सैल झालाय. माझ्या जागी नवा येईल, तेव्हा तुम्हा माणसांना एकच विनंती. वीज वाचवायला हात उचललात की माझ्याकडे पाहू नका, आधी दिव्याकडे पाहा. दूर कुठल्या तरी टेकडीवर पाती तुमच्यासाठी फिरताहेत. त्यांचे कष्ट चांगल्या मनानंही वाया जाऊ शकतात.