अक्षरांची चित्रं

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला मंडलातलं. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. दर वर्षी बाबासाहेबांच्या जयंतीला इथल्या विहारात आठवी ते दहावीच्या मुलांची सामान्य ज्ञानाची स्पर्धा असते. पूर्वी प्रश्न कागदावर छापत. नागेशने बेल्यात फ्लेक्सचं दुकान टाकलं आणि हौसेनं विहाराच्या अभ्यासिकेची वेबसाइट करून दिली, तेव्हापासून मुलं फोनवरच उत्तरं देतात. प्रश्न काढायचं काम माझ्याकडे. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली, पण संध्याकाळी मुलं अभ्यासिकेत जमतात तेव्हा मला घरी बसवत नाही.

गेल्या वर्षी प्रियदर्शनी पहिली आली. तिला जन्मापासून दिसत नाही. तिचा भाऊ राजकुमार प्रश्न वाचायचा, ती कानात उत्तर सांगायची आणि तो स्क्रीनवर बोट ठेवायचा. बक्षीस देताना समितीतले बाबाराव माइकवरच म्हणाले, "हे कोनाले द्याचं? बहिनीले का भावाले?"

लोक हसले. बाबारावांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांना थट्टेची सवय आहे. पण प्रियदर्शनीने ते बक्षीस घरी नेऊन राजकुमारच्या हातात दिलं आणि पुन्हा त्या बक्षिसाचं नाव काढलं नाही.

या वर्षी होळी झाली आणि ती अभ्यासिकेत आली. आता ती दहावीत होती.

"सर, या खेपेला राजकुमार माह्याजवळ नाही बसनार. मी एकटीच बसीन. नाही जमलं तं नावच देत नाही."

"जमेल की. तुझा फोन बोलतो ना?"

"फोन बोलते सर. तुमची वेबसाइट नाही बोलत."

मला हे कळेना. तिचा फोन बोलतो हे मी रोज ऐकत होतो. ती स्क्रीनवर बोट सरकवते, बोटाखाली जे येईल ते फोन वाचतो, आणि दोनदा टकटक केलं की बटण दाबलं जातं. याच फोनवर ती बातम्या ऐकते, मैत्रिणींना निरोप लिहिते. मग आमच्या वेबसाइटचं काय घोडं अडलं होतं?

"ऐका," ती म्हणाली आणि मागच्या वर्षीचा पेपर उघडला.

फोन म्हणाला, "चित्र. क्यू वन फायनल." तिनं बोट सरकवलं. "चित्र. क्यू टू फायनल न्यू ओके." पुन्हा सरकवलं. "लेबल नसलेलं बटण. लेबल नसलेलं बटण."

मी वाकून पाहिलं. प्रश्न तर स्क्रीनवर स्पष्ट होता, चांगल्या ठसठशीत मराठीत. मला चष्म्याशिवाय वाचता येत होता. मग फोनला का वाचता येऊ नये? शाळेत शिकवताना असा प्रश्न आला की मी म्हणायचो, ज्यानं केलं त्याला विचारू. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नागेशच्या दुकानात गेलो.

नागेश कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स करत होता. तक्रार ऐकून त्याला वाईट वाटलं.

"सर, अक्षर तं केवढं मोठं ठेवलं मी."

"दादा, तिथं अक्षर नाहीच," प्रियदर्शनी म्हणाली.

"मंग हे काय हाय?"

"मले काय माईत. फोन म्हनते, चित्र हाय."

नागेश हसायला लागला आणि मधेच थांबला. त्याने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, मी तं सगळंच कर्व्ह करून टाकलं. फोन वाचते ते नुसतं माह्या फाइलचं नाव."

कर्व्ह म्हणजे काय ते मी विचारलं. त्याने दाखवलंच. कंप्युटरवर 'जयंती' असं लिहिलं, मग दोन कळा दाबल्या. माझ्या डोळ्यांना काहीच बदल दिसला नाही. "आता यातली वेलांटी पुसून दाखवा," तो म्हणाला. मी कळा दाबून पाहिल्या. वेलांटी वेगळी निघेना. शब्द नव्हताच तो आता, शब्दाचा नुसता आकार होता.

"आमी फाइल छापाले आदिलाबादले पाठवतो. तिथल्या कंप्युटरमंदी आपला मराठी फाँट नसला का जोडाक्षरं फुटतेत. मांगं एकदा स्वागताच्या फ्लेक्सवर पाव्हन्याचं नाव असं फुटलं, का पाव्हना स्टेजवरच नाही चढला. तवापासून पाठवाच्या आंधी कर्व्ह. हातच तसा वळते सर. वेबसाइटवरबी मी तेच केलं. चांगलं दिसावं म्हनून केलं नं."

प्रियदर्शनी कान देऊन ऐकत होती. "म्हनजे तू अक्षराच्या लाह्या केल्या," ती म्हणाली.

"लाह्या?"

"ज्वारीच्या. मंग ते पेरलं तं उगवनार कसं? कच्ची ठेव नं."

आजवर मी मुलांना कितीतरी उदाहरणं दिली असतील, पण हे मला सुचलं नसतं.

नागेशने त्याच आठवड्यात वेबसाइट नव्यानं केली. प्रश्न अक्षरांनी लिहिले. बटणांना नावं दिली, 'पुढचा प्रश्न', 'मागचा प्रश्न', 'उत्तर पाठवा'. प्रियदर्शनी दुकानात बसून तपासायची. "दादा, इथं दोन बटनं 'पाठवा' म्हनून राह्यली. कोनतं काय पाठवते?" नागेश कुरकुरत दुरुस्त करायचा. "गिऱ्हाइकापेक्षा तुहीच कटकट जास्त," म्हणायचा आणि लगेच विचारायचा, "आता पाय बरं."

राहिले चित्रांचे प्रश्न. फोटो पाहून ओळखा, असे काही प्रश्न मी दर वर्षी घालतो. नागेश म्हणाला, "ते काढूनच टाका सर."

"काऊन?" प्रियदर्शनी म्हणाली. "मले दिसत नाही म्हनून सगळ्याईचे काढता? मंग मीच वाईट होईन. चित्राच्या मांगं लिहून ठेव नं, काय हाय ते. फोन वाचते."

तशी सोय असते, नागेशने सांगितलं. चित्रामागे वर्णन लिहिता येतं. बघणाऱ्याला ते दिसत नाही, बोलणारा फोन तेवढं वाचून दाखवतो. पण लिहायचं काय? उत्तर लिहिलं तर प्रश्नच संपला. न लिहिलं तर फोन नुसता 'चित्र' म्हणणार.

हे काम मी पाचवीच्या मुलांना दिलं, कारण त्यांना स्पर्धेत बसायचं नव्हतं. सरावासाठी घरातला निर्मल गावच्या खेळण्यांतला लाकडी पोपट आणून टेबलावर ठेवला आणि प्रियदर्शनीला समोर बसवलं. पूनम नावाची चुणचुणीत मुलगी आहे, तिनं पहिल्यांदा लिहिलं, 'एक छान वस्तू.'

"छान म्हनजे कसं असते?" प्रियदर्शनीने विचारलं.

पूनमने पोपटाकडे पुन्हा पाहिलं. 'हिरवी, चकचकीत वस्तू.'

"मिरचीबी हिरवी असते म्हनतेत. मिरची हाय का?"

पोरं खिदळली. मग मात्र सगळीच टेबलाभोवती फिरून पोपट बघायला लागली. चोच वाकडी आहे. गळ्याला लाल पट्टी आहे. शेपटीला रंग देताना ब्रश थोडा घसरला आहे, हे तर इतक्या वर्षांत मलाही दिसलं नव्हतं. शेवटी पूनमने लिहिलं, 'लाकडाचा पक्षी. चोच वाकडी, लाल. गळ्यात लाल पट्टी.'

"पोपट," प्रियदर्शनी म्हणाली. "आता इमानदारीनं लिहिलं."

खरे फोटो मी नंतर फक्त त्या पाचवीच्या मुलांना दाखवले. वर्णनं त्यांनीच लिहिली, नागेशने जशीच्या तशी घातली. पूनमने तर आपल्या आईलाही काही सांगितलं नाही.

जयंतीच्या दिवशी प्रियदर्शनी एकटी बसली. राजकुमारला तिनं पार दाराजवळ बसवलं होतं. पेपर सुरू होणार तेवढ्यात बाबाराव उठले.

"सर, हे कानात काय लावलं पोरीनं? कोनी फोनवरून सांगून राह्यलं असंल तं आपल्याले काय समजते?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. ती पेपर सोडून उठते की काय असं मला वाटलं. तिनं कानातली वायर काढून टाकली.

"बाबाराव काका, इथं या. माह्याजवळच बसा. मोठ्यानं लावतो."

बाबाराव धोतर सावरत तिच्या शेजारी बसले. पेपर सुरू झाला आणि फोनमधून आवाज यायला लागला. तो एवढ्या वेगात होता की डब्यात भुंगा कोंडल्यासारखं वाटत होतं. प्रियदर्शनी दोनदा टकटक करून पुढे जात होती. बाबारावांनी फोनला कान लावला, मग दुसरा कान लावला.

"हे कोनती भाषा हाय वो?"

"मराठीच हाय काका."

"हळू लाव नं मंग."

"हळू लावलं तं माहा पेपर तुमी सोडवसान."

मुलं हसली. बाबारावही हसले, पण उठले नाहीत. शेवटपर्यंत तिच्या शेजारी बसून राहिले. मग त्यांनीच माइक घेतला. "मी सोता बसलो होतो," ते म्हणाले. "पोरीचं बोट, पोरीचंच उत्तर. मले तं काही समजलं नाही."

प्रियदर्शनी दुसरी आली. पहिल्या आलेल्या सुरेंद्रपेक्षा तिचं एकच उत्तर जास्त चुकलं होतं. बक्षीस घेऊन ती खाली उतरली आणि थेट पाचवीच्या मुलांकडे गेली.

"माणसाच्या डोक्यावर मोराच्या पिसाची मोठी टोपी, गळ्यात माळा, तोंड रंगवलेलं. हे कोनी लिहिलं?"

"मी," पूनम म्हणाली.

"मी वासुदेव सांगितला. वासुदेवाची टोपी मी हातानं पाह्यली हाय, मोरपिसं असतेत तिले. उत्तर गुसाडी होतं म्हनतेत."

दिवाळीच्या दिवसांत आमच्याकडे गोंडांचे गुसाडी नाचत येतात. गाव त्यांना लांबूनच ओळखतं.

"गुसाडी असंल तं घुंगरं पायजेत," प्रियदर्शनी म्हणाली. "कमरेले असतेत, पायात असतेत. तीन गल्ल्या पलीकडून मले आयकू येतेत. तू घुंगरं काऊन नाही लिहिली?"

"दिसतच नव्हती नं, ताई. फोटोत कंबर नव्हती. पायबी नव्हते."

प्रियदर्शनीचं उत्तर चुकलं होतं, पण ते कसं चुकलं हेच तिला आता जास्त महत्त्वाचं वाटत होतं.

"नव्हते म्हनजे? मानूस तं पुरा असंल नं?"

"मानूस पुराच होता. फोटो छातीपर्यंतच होता."

"असा मधातून कापतेत?"

"कापत नाही वो ताई. तेवढाच काढतेत."

"कोन ठरवते, कुठपर्यंत काढाचा ते?"

पूनमने माझ्याकडे पाहिलं, मी नागेशकडे पाहिलं. नागेश म्हणाला, "जो काढते तो."

एव्हाना राजकुमार दाराजवळून उठून प्रियदर्शनीच्या शेजारी आला होता. तिनं आपला फोन पूनमपुढे धरला. "मंग मले शिकव. या राजकुमारचा काढू. पायासगट."